जंतांची गोळी : त्रास नसताना पोराला द्यायची का?

मलप्रभेकाठचा : खानापूरकडची आमची शाळा. १० ऑगस्टच्या जंतनाशक दिवसाचा निरोप आलाय. माझं मत, पोर धडधाकट असेल तर अल्बेंडाझोलची गोळी कशाला? घरात भावंडं जास्त तिथे परागज्वर (परागकणांच्या ॲलर्जीची सर्दी) कमी, म्हणजे लहानपणी संसर्ग झाले की ॲलर्जी कमी, हे स्ट्रॅचन या संशोधकांनी १९८९ मध्येच मांडलं. जंत प्रतिकारशक्तीला थंड ठेवतात. आमच्या लहानपणी जंत सगळ्यांनाच होते की, दमा कुणाला होता?

कॅम्पातली मावशी : थंड ठेवतात ते स्वतःच्या जिवासाठी! चोर कुत्र्याला भाकरी टाकतो ती काय मायेनं?
आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी असतात. जंताची चाहूल लागली की त्या आयएल-२५ हा निरोप्या रेणू सोडतात, त्यानं जाग्या झालेल्या प्रतिकार पेशी आयएल-१३ हा दुसरा निरोप्या सोडतात. मग बुळबुळीत स्राव वाढतो, आतड्याचे स्नायू जोरात आवळतात आणि जंत खाली ढकलला जातो. यात नसाही गप्प बसत नाहीत. आतड्यातल्या चेतापेशी न्यूरोमेडिन-यू नावाचा रेणू सोडून त्याच प्रतिकार पेशींना थेट उठवतात, हे २०१७ मध्ये उंदरांत दिसलं. एवढी फौज जंताला हाकलायलाच उभी आहे, पाहुणचाराला नाही. आणि दम्याचं म्हणाल, तर गोल जंताची अळी फुफ्फुसातून फिरून आतड्यात येते. त्या जंतानं दम्याचा धोका वाढलेलाही आढळलाय.

निपाणीकर : वावडिंग द्या की. गोळी कशाला?

कॅम्पातली मावशी : किती द्यायचं ते आजीला ठाऊक होतं. तुम्हाला आहे?

रोपलावणी : मी बोलते. बांधावर, परसाकडच्या ओल्या मातीत अनवाणी चालायचे. पाय खाजायचे, चिखल्या म्हणून सोडून दिलं. हुकवर्म या रक्त पिणाऱ्या जंताची अळी पायाच्या कातडीतूनच शिरते, हे हिमोग्लोबिन ७ वर आल्यावर कळलं. मीही धडधाकटच दिसत होते, दादा.

मलप्रभेकाठचा : रक्ताचं मान्य, ताई. पण क्रोन आजारात (आतड्याला सतत सूज येते तो) डुकराच्या जंताची अंडी मुद्दाम पाजली, २००५ मध्ये गुण आल्याचं छापून आलं. ते खोटं?

कॅम्पातली मावशी : खोटं नाही, अर्धं. पुढच्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. शिवाय तो जंत माणसात फार दिवस टिकत नाही आणि अंडी मोजून देत होते. तुमच्या पोराच्या पोटातले कोण मोजतंय?

मलप्रभेकाठचा : बरं, देतो गोळी. पण परसाकडची वाट तीच, माती तीच. फेब्रुवारीच्या जंतनाशक दिवशी परत गोळी?

रोपलावणी : परत. आणि पोराला चप्पल घ्या.