शेंगेनच्या सीमेवरील संगणकीय नोंदणीसाठी आधी अर्ज करून पैसे भरावे लागतात का?

अक्कलकोट_रोडकर

नमस्कार. एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. जानेवारी २०२७ मध्ये फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जाण्याचे ठरत आहे. हे प्रदर्शन नेमके आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास येत असल्याने वडील आजवर नकोच म्हणत आले. या वेळी मात्र तेच उत्साहाने तयार झाले आहेत. माझ्यासोबत वडील (वय ७१), ११ वर्षांचा मुलगा आणि अमेरिकेचा पासपोर्ट असलेला धाकटा भाऊ असेल. येथील एका प्रवास व्यावसायिकाने व्हिसाखेरीज ‘ईईएस’ आणि ‘एटियास’ अशा दोन नोंदण्या सर्वांना सक्तीच्या असल्याचे सांगून माणशी चार हजार रुपये मागितले आहेत. हे खरे आहे का? दुसरी चिंता अशी की, वडिलांचे निम्मे आयुष्य मागावर गेले असून त्यांच्या बोटांचे ठसे आधारच्या यंत्रावरही धड उमटत नाहीत.

होटगी_रोडचा_प्रवासी

पैसे देऊ नका. त्या गृहस्थांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत आणि त्यांपैकी एकीसाठी अर्ज नावाचा प्रकारच नाही.

ईईएस ही शेंगेन गटातील, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या २९ युरोपीय देशांच्या बाह्य सीमेवरची प्रवेश व निर्गमनाची नोंदवही आहे, एवढेच. ती कागदावर नसून संगणकात आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि १० एप्रिल २०२६ ही ती सर्व चौक्यांवर पूर्णपणे लागू होण्याची ठरलेली तारीख होती. पासपोर्टवरील शिक्क्याची जागा तिने घेतली आहे. नोंद सीमेवरच होते आणि त्यासाठी शुल्क नाही. व्हिसा न लागणाऱ्या प्रवाशाच्या चेहऱ्याचे छायाचित्र आणि चार बोटांचे ठसे तेथे घेतले जातात. आपल्यासारख्या व्हिसाधारकांचे ठसे व्हिसाच्या अर्जाच्या वेळीच व्हिसा प्रणालीत गेलेले असल्यामुळे ईईएसमध्ये नव्याने साठवले जाते ते छायाचित्र, आणि ठसे फक्त ताडून पाहिले जातात.

एटियास ही प्रवासपूर्व परवानगी असून ती केवळ व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर व्हिसाच लागतो, त्यामुळे आपण, वडील आणि मुलगा यांचा एटियासशी काहीही संबंध येत नाही. संबंध येईल तो भावाचा. ती २०२६ च्या अखेरच्या तिमाहीत सुरू करण्याचे युरोपीय संघाने जाहीर केले आहे, शुल्क २० युरो ठरले आहे, आणि सुरुवातीचे किमान सहा महिने संक्रमणकाळाचे असतील. त्या काळात केवळ ती नाही म्हणून कोणाला परत पाठवले जाणार नाही. भावाने अर्ज करायचाच झाला तर तो युरोपीय संघाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा. हुबेहूब तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळे जास्तीचे पैसे घेतात.

वडिलांच्या ठशांबाबत व्हिसाच्या नियमांतच सोय आहे. दहापैकी जेवढे उमटतील तेवढे घेतले जातात आणि शारीरिकदृष्ट्या अशक्यच असेल तर सूट मिळते. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेतच नाहीत. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायकांची आणि मागावरच्या कामगारांची बोटे अशीच झिजलेली असतात. म्हणून व्हिसा केंद्रावर ही अडचण वडिलांनी आपणहून आधीच सांगितलेली बरी.

विजापूर_वेस

वरील उत्तर योग्य आहे. मला एवढेच जोडायचे आहे की व्हिसाधारकाने शुल्कापेक्षा दिवसांची काळजी अधिक करावी. व्हिसाच्या चिकटपट्टीवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात: व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, आणि त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसात साधारणपणे १५ दिवसांची सवड धरून शेवटची तारीख पुढची लिहिलेली असते, आणि आपल्या लोकांना ती सवड मुक्कामाची वाटते. माझ्या स्वतःच्या मेव्हण्याने १२ दिवसांच्या व्हिसावर तारखेकडे पाहून परतीचे तिकीट १९ व्या दिवसाचे काढले होते. निघण्यापूर्वी आमच्या लक्षात आले म्हणून निभावले. पूर्वी शिक्के पाहून अधिकाऱ्याला बोटांवर मोजावे लागे. आता प्रणाली स्वतः दिवस मोजते. नोंद सामान्यतः तीन वर्षे राहते, आणि मुदत ओलांडून परत गेल्याची नोंदच नसेल तर पाच वर्षे.

अक्कलकोट_रोडकर

मनःपूर्वक आभार. भाऊ १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर स्पेनमध्ये राहणार आहे आणि मग १० जानेवारीला थेट फ्रँकफर्टला येईल. त्याच्या मते नव्वद दिवसांचा हिशेब नव्या वर्षात नव्याने सुरू होतो.

होटगी_रोडचा_प्रवासी

नाही, वर्ष बदलल्याने काहीच बदलत नाही. ज्या दिवशी मोजायचे त्या दिवसापासून मागचे १८० दिवस पाहतात आणि त्यांत शेंगेनमधला मुक्काम ९० दिवसांहून अधिक असता कामा नये. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरतात. भावाचे स्पेनमधले ६१ दिवस झाले, उरले २९. म्हणजे १० जानेवारीला आल्यास त्याला ७ फेब्रुवारीपर्यंत बाहेर पडावे लागेल. आयर्लंड आणि ब्रिटन शेंगेनमध्ये नाहीत, म्हणून तो मधल्या काळात तिकडे गेला तर ते दिवस यात येत नाहीत. आपण स्वतः व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करू शकता. हाइमटेक्स्टिलसाठी संक्रांतीच्या तोंडावर धावाधाव करण्यापेक्षा दिवाळीपूर्वीच ठसे देऊन यावे.

अक्कलकोट_रोडकर

समजले. भावाला परतीचे तिकीट ३० जानेवारीच्या आतले घ्यायला सांगतो. त्या गृहस्थांनाही आजच नकार कळवला, त्यावर ते म्हणाले, “मग फक्त मुलाची तरी करू या.”