तुर्कस्तानात बसने फिरताना कुठे उतरलात, कुठे झोपलात?

इस्तंबूल पाहायचं, विमानाने कप्पादोकियाला जायचं, बलूनमधून फोटो काढायचे आणि परत यायचं, अशा सहलींची वर्णनं आता पुष्कळ वाचायला मिळतात. मला ऐकायचंय ते बसने फिरलेल्यांकडून. गुहेत, लाकडी झोपडीत, खेड्यातल्या कुणाच्या घरात राहिला असाल तर सविस्तर लिहा. बस कुठून घेतली, उतरल्यावर पुढे कसे गेलात, खोली कशी होती, पोटात काय गेलं, हे सगळं हवंय. सुरुवात मी करते.

आम्ही दोघी मैत्रिणी इस्तंबूलच्या एसेनलर बसस्थानकावरून रात्रीच्या गाडीने कप्पादोकियातल्या गोरेमे गावी गेलो. तिथे बसस्थानकाला ओतोगार म्हणतात. प्रत्येक कंपनीची खिडकी वेगळी, आणि खिडकीवरचा माणूस तिकीट देताना प्रवासी बाई की पुरुष ते विचारतोच. अनोळखी बाईशेजारी अनोळखी पुरुषाला सहसा बसवत नाहीत. एकटीने जाणाऱ्यांना ही पद्धत फार सोयीची आहे. गाडी सुटली की मुआविन, म्हणजे गाडीतला मदतनीस, लिंबाच्या वासाचं कोलोन्या घेऊन येतो आणि ओंजळीत ओततो. हात चोळायचे, मानेवरून फिरवायचे, शीण कुठल्या कुठे जातो. मग चहा, केक, पाणी. मध्यरात्री गाडी थांबली तिथे ऐन दुपारसारखी वर्दळ होती. गरम सूप, भात, भाज्या, शेजारी नमाजाची खोली आणि बाळांचे कपडे बदलायची जागासुद्धा.

तिकिटावर गोरेमे लिहिलंय की जवळचं शहर नेव्शेहिर, ते नीट बघा. काही गाड्या नेव्शेहिरलाच संपतात आणि पुढे छोट्या गाडीने जावं लागतं.

आमची खोली डोंगरात कोरलेली. तिथला दगड म्हणजे ज्वालामुखीची साचून घट्ट झालेली राख. कापायला मऊ, आणि हवा लागली की वरचा थर कडक होतो. म्हणून तर तिथे चर्च, कबुतरांच्या ढाबळी आणि देरिन्कुयूसारखी जमिनीखालची अख्खी वस्ती कोरता आली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत आम्हाला स्वेटर लागला. भिंतीची बारीक पूड पांघरुणावर पडते आणि हवा दमट असते, त्यामुळे दम्याचा त्रास असेल तर खिडकी असलेली खोलीच मागा. आम्हाला मात्र तिथून हलवेना.

॰

मी आईला घेऊन साफ्रानबोलूला गेले होते. अंकाराहून काराब्यूकची बस, तिथून दोल्मुश. ही मिनीबस भरली की सुटते. मागे बसलेल्यांचे पैसे हातोहात पुढे ड्रायव्हरकडे जातात आणि सुट्टे त्याच वाटेने परत येतात. एक नाणंही इकडचं तिकडे होत नाही.

ऑटोमन काळातल्या घरांसाठी 1994 साली हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आलं. त्यातली कित्येक घरं आता पान्सियोन, म्हणजे छोटी घरगुती अतिथिगृहं, म्हणून चालतात. आम्ही राहिलो ते घर पाहून आईला साताऱ्याच्या आजोळच्या वाड्याचं माजघर आठवलं. खाली दगड, वर लाकूड आणि माती, भिंतींना लागून गाद्या घातलेली बैठक. दारातच चपला काढायच्या. आंघोळीची जागा कुठे दिसेना, तेव्हा घरच्या आजींनी भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. मोरी आत होती! जुन्या मोठ्या घरांत भिंतीत एक फिरतं कपाट असतं. बायकांच्या भागातून त्यात ताट ठेवायचं आणि फिरवायचं, की ते पुरुष पाहुण्यांच्या भागात पोचतं. आई त्या कपाटापाशी बराच वेळ उभी होती. पलीकडच्या बायकांनी किती पंगती वाढल्या असतील आणि जेवणारा एकही चेहरा पाहिला नसेल, म्हणाली.

जिने अरुंद आणि चांगलेच उभे आहेत. गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची खोली मिळते का ते आधी विचारून घ्या.

॰

शाकाहारींसाठी थोडंसं. मर्जिमेक चोर्बासी म्हणजे मसुरीचं सूप प्रत्येक बसथांब्यावर मिळतं, पण ते कधीकधी मांसाच्या पाण्यात शिजवतात. भाताचंही तसंच. त्यामुळे नुसतं ‘एत योक’, म्हणजे मांस नाही, एवढ्यावर थांबू नका, ‘एत सुयू’, म्हणजे मांसाचं पाणी, आहे का तेही विचारा. ‘झेतिनयाली’ नावाखाली येणाऱ्या ऑलिव्ह तेलातल्या गार भाज्या जवळजवळ नेहमी बिनमांसाच्या असतात. बटाटा, पालक किंवा चीज भरलेलं गोझ्लेमे, म्हणजे पातळ पोळी, तव्यावर तुमच्यासमोर भाजून देतात. सकाळच्या न्याहारीत ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, चीज, मध, पाव असं इतकं येतं की दुपारची भूक लागत नाही. माझा शाकाहारी नवरा परतला तो वजन वाढवूनच.

॰

जर्मनीत शिकत असताना ओलिंपोसला एकटी गेले होते. अंतल्याहून किनाऱ्याच्या रस्त्याने जाणाऱ्या बसने मला हमरस्त्यावरच्या फाट्यावर उतरवलं. तिथे एक चहाची टपरी आणि दरीत उतरणारी मिनीबस. पुरेसे लोक जमेपर्यंत चहा प्यायचा, मग पाइनच्या जंगलातून वळणं घेत खाली. प्राचीन अवशेषांमुळे इथे बांधकामावर कडक बंधनं आहेत, म्हणून राहायला लाकडी खोल्या आणि ‘झाडावरची घरं’. खरं तर बहुतेक खांबांवर उभी असतात. आत गादी, मच्छरदाणी, एक दिवा. न्हाणीघर सामायिक. भाड्यातच सकाळ-संध्याकाळचं जेवण, आणि ते सगळ्यांनी एकत्र लांब बाकांवर बसून.

समुद्रावर जायची वाट प्राचीन लिकियन लोकांच्या शहराच्या अवशेषांमधून, ओढ्याच्या काठाने जाते. रात्री यानार्ताशचा डोंगर चढलो. खडकाच्या फटींतून झिरपणारा वायू तिथे आपोआप पेटलेला असतो, हजारो वर्षांपासून. कुणी त्यावर चहाची किटली ठेवली होती. एका बाईने न विचारता माझ्या हातात कप दिला. चिरालीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्री कासवं अंडी घालतात. रात्री तिथे टॉर्च लावू नका, हे कळकळीने सांगते.

॰

आम्ही कोकणातले, त्यामुळे काळ्या समुद्राकडच्या पावसाचं कौतुक वाटणार नाही असं वाटलं होतं. पण रिझेपासून पुढे चहाच्या मळ्यांचे उतार सुरू झाले आणि बोलणंच थांबलं. चहा इथे 1920च्या दशकानंतर रुजला. त्याआधीचा हा देश कॉफीचा. पाझारहून चामलीहेमशिनला जाणाऱ्या दोल्मुशमध्ये माणसांपेक्षा सामान जास्त. ड्रायव्हर एका घरी पाव देई, दुसऱ्या घरी औषधं. पलीकडच्या डोंगरावरच्या घरांना सामान तारेवरून जातं, दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचं घर पूर्ण लाकडाचं. मधोमध शेगडी, तिच्याभोवती आमचे ओले मोजे, आणि तिच्यावरच मुहलामा. मक्याचं पीठ, लोणी आणि चीज एकत्र शिजवलेलं, तार सुटेपर्यंत. पावाने खायचं, गरमागरम.

॰

मी 2023च्या आधी गेलो होतो. काह्ताहून मिनीबसने कारादुत गावात. नेमरुतच्या शिखराजवळचं हे गाव. घरमालकांनी गच्चीवर गाद्या घातल्या, रात्री अंधारातच उठवलं आणि आपल्या गाडीने वर नेलं. 2,134 मीटर उंचीवर राजा पहिल्या अँटिओकसने इ. स. पू. पहिल्या शतकात उभारलेल्या मूर्ती आहेत. त्यांची डोकी कधीच निखळून खाली आलीत, आणि सूर्य उगवतो तेव्हा एकेका चेहऱ्यावर ऊन चढत जातं. वाऱ्याने दात वाजत होते. घरमालकांनी स्वतःचा कोट माझ्या अंगावर टाकला आणि स्वतः नुसत्या जाकिटात उभे राहिले.

6 फेब्रुवारी 2023च्या भूकंपात त्यांच्या जिल्ह्याचं गाव आदियामान उद्ध्वस्त झालं. बातमी पाहिल्यापासून मी त्यांच्या नंबरावर संदेश पाठवत होतो. उत्तर यायला वेळ लागला. घरचे सुखरूप, शहरातले नातलग गेले. आणि पुढे विचारलं होतं, तू पुन्हा कधी येतोस. त्या भागात जायला घाबरू नका. जा, त्यांच्या घरात राहा, त्यांच्या हातचं जेवा. तिथल्या लोकांना पाहुणे हवे आहेत.

॰

पुन्हा मी, धागा सुरू करणारी. कारादुतचं वाचून लगेच लिहितेय, कारण काहींनी हिवाळ्यात जायचं का असं विचारलंय. नेमरुतचा रस्ता बर्फाने बंद होतो. मेअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरा. ओलिंपोसच्या बऱ्याच लाकडी खोल्याही थंडीत बंद असतात. गुहेतली खोली मात्र हिवाळ्यातही चालते, तापवायची सोय आहे का तेवढं विचारा. आणि दोन्ही ईदच्या सुट्ट्यांत सगळा देश आपापल्या गावी निघतो, तेव्हा बसची तिकिटं आधी काढून ठेवा. पूर्वेला, कार्स किंवा वानकडे बसने गेलेलं कुणी आहे का? तिकडच्या खेड्यांत राहण्याबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही.