कंपनीने शाळेला आरओ दिला म्हणून खाडीबद्दल बोलायचंच नाही का?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या आतल्या अंगाला. निम्मी घरं अजून मासेमारीवर. वरच्या बाजूला एक केमिकल कंपनी आहे, नाव मुद्दाम देत नाही. गेल्या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, तांबूस फेसाळ पाणी आलं आणि सकाळी बाबा पाग (फेकायचं जाळं) घेऊन गेले तर बोई मासळी पांढरं पोट वर करून काठाला लागलेली, काही अजून तोंडाची उघडझाप करत होती. पाग दोनदा धुतला तरी त्याचा वास जाईना, बाबांच्या हाताला आठवडाभर खाज.

मी ग्रामसभेत विषय काढला तर लगेच चारजण उठले, कंपनीने शाळेला आरओ मशीन दिलं, स्मशानाची शेड बांधून दिली आणि तू त्यांच्याच विरोधात बोलतोस? मी खाली बसलो. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. सीएसआर दिला की कंपनीची जबाबदारी संपते का? आणि मानवी हक्क वगैरे कंपनीला लागू होतात की ते फक्त सरकारचं काम?

चिपळूणकर पुण्यात:
दादा, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, दान वेगळं आणि जबाबदारी वेगळी. सीएसआर म्हणजे कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपनीने सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. म्हणजे तो आरओही कायद्यानेच आलेला असू शकतो, उपकार म्हणून नाही. आणि त्या कायद्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की २ टक्के दिले की घाण पाणी सोडायला मोकळे.

हक्कांचं म्हणाल तर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ३१ मार्गदर्शक तत्त्वं एकमताने मान्य केली, जॉन रगी म्हणून प्राध्यापक होते त्यांनी तयार केलेली. त्यात सरकारचं काम हक्कांचं रक्षण करणं, कंपनीचं काम हक्कांचा मान राखणं, आणि नुकसान झालं तर लोकांना दाद मिळाली पाहिजे. तुमच्या ग्रामसभेला उत्तर तिथेच आहे, एकीकडे चांगलं काम केलं म्हणून दुसरीकडचं नुकसान वजा होत नाही असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ही तत्त्वं कायदा नाहीत हे खरं. पण केंद्र सरकारने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातलं पाचवं मानवी हक्कांचंच आहे, आणि शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या, नियमाने दरवर्षी याचा अहवाल द्यावा लागतो. तुमची कंपनी त्यात असेल तर अहवाल नेटवर मिळेल, स्थानिकांच्या किती तक्रारी आल्या त्या रकान्यात शून्य दिसलं तर तुमची तक्रार लेखी द्या. तोंडी तक्रार कुठेच मोजली जात नाही.

आंबा_काजू:
सगळं खरं, पण आमच्या गावातली पोरं त्याच एमआयडीसीत जातात. उद्या कंपनीला टाळं लागलं तर ती परत मुंबईची गाडी पकडतील, त्यांच्या घरी चूल कोण पेटवणार? जपून बोला एवढंच सांगणं आहे.

रत्नागिरीची ताई:
टाळं लावा असं कोण म्हणतंय पण? मी स्वतः चार वर्षं कोळंबी सोलायला जात होते. बर्फाच्या पाण्यात दिवसभर हात, संध्याकाळी भाकरी थापायला बोटं वळायची नाहीत, नखांच्या कडा सोललेल्या. हातमोजे मागितले तर कंपनी म्हणायची ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणायचा कंपनी देत नाही. एका महिन्याचा पगार असाच दोघांच्या मध्ये अडकला. मग एका वकीलबाईंनी सांगितलं की तेव्हाच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं, ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा. आम्ही अकरा बायकांनी अर्ज केला आणि पैसे मिळाले. कंपनी बंद पडली नाही हो, अजून चालू आहे. हातमोजे पण आले.

गुहागरचा जुना:
ताई, शाब्बास. मी एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळचा. जून १९९७ मध्ये वेलदूरला पोलीस पहाटे घरात शिरले आणि बायकांना धरून नेलं. तेव्हाही सगळे हेच म्हणायचे, पोलिसांनी केलं, कंपनीचा काय संबंध. पण ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनेने १९९९ च्या अहवालात कंपनीलाही जबाबदार धरलं कारण त्या बंदोबस्ताचे पैसे कंपनी देत होती. आपण हात लावला नाही एवढं म्हणून सुटता येत नाही.

खाडीकाठच्या भावा, एक कामाचं. बाटलीत भरून ठेवलेलं पाणी कोर्टात टिकत नाही, १९७४ च्या पाणी कायद्यात नमुना घ्यायची पद्धत ठरलेली आहे आणि तो प्रदूषण मंडळाच्या माणसाने रीतसर घ्यावा लागतो. म्हणून पाणी बदललं की त्याच क्षणी मंडळाला फोन आणि ईमेल दोन्ही करा, तारीख वेळ टाकून. मंडळाने कंपनीला दिलेल्या संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागवा, किती पाणी कुठे सोडायचं ते त्यात लिहिलेलं असतं. नुकसानभरपाईसाठी हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणाकडे, पाच वर्षांच्या आत जाता येतं, पुण्यात खंडपीठ आहे.

खाडीकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आंबा_काजू, तुमचं म्हणणं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले माझा पुतण्या तिथेच कामाला आहे, मला कंपनी पण हवी आणि बोई पण हवी. फोनमध्ये त्या सकाळचे फोटो सापडले, तारखेसकट. माहिती अधिकाराचा अर्ज आज लिहिला. ताई, तुमच्या अर्जाचा मसुदा असेल तर पाठवाल का? आमच्या इथल्या सात घरांच्या सह्या घ्यायच्यात.