रेझर बम्प्सला मराठीत नेमकं काय म्हणायचं? पुरळ, घामोळं, केसतोड की अजून काही?

बर्डीवाली
शब्दांच्या जाणकारांनो, मदत पायजे. पायावर रेझर फिरवला की एकदोन दिवसांनी नडगीवर आणि मांडीच्या मागे बारीक लाल दाणे येतात, खाजतात, काहींच्या टोकाला पांढरं पण दिसते. इंग्रजीत रेझर बम्प्स म्हणतात ते माहीत आहे, पण दुकानात जाऊन मराठीत काय सांगायचं? मी "पायावर पुरळ आलं" म्हटलं तर काउंटरवरच्या दादानं पायाकडे न बघता गजकर्णाची ट्यूब काढून दिली. आई म्हणते घामोळं आहे, कूलरसमोर बस. आजी म्हणते केसतोड. मैत्रीण म्हणते फुन्सी. जेवढी तोंडं तेवढे शब्द आणि प्रत्येक शब्दामागे वेगळं औषध. नेटवर मराठीत शोधलं तर एका ठिकाणी चक्क "वस्तरा अडथळे" लिहिलेलं, म्हणजे जणू पायावर स्पीडब्रेकरच बसवले.

तर्री_पोहे
घामोळं तं नाहीच ते. घाम बाहेर यायची वाट बंद झाली का घामोळं येते, पाठीवर, मानेवर, कमरेच्या पट्ट्याखाली. नडगीवर कोनाले आलेलं पाह्यलं का तुमी? आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला का माणूस दिसन त्या दाण्याले घामोळंच म्हनते, सवय हाय बाप्पा. आईचं काही चुकलं नाही.

शुद्धलेखन_हवालदार
पुरळ हा फार मोघम शब्द आहे ताई. गोवर असो, ॲलर्जी असो, सगळ्याला पुरळच. शिवाय ते एकगठ्ठा असतं, "पुरळ उठलं" म्हणतो, एका दाण्याला कोणी पुरळ म्हणत नाही. एकेक दाणा मोजता येतो तो पुळी किंवा पुटकुळी. त्यातली पुळी जरा मोठी, पिकणारी, पुटकुळी बारीक. गांधी म्हणजे पित्ताच्या, त्या अचानक उठतात आणि काही तासांत विरतात, तेव्हा तो शब्द इथे बाद. फुन्सी आपल्याकडे हिंदीतून आलीय, अर्थ पुळीचाच, नागपुरात चालते, पुण्यात चेहरा वाकडा करतील, करू द्या.
केसतोड मात्र विचार करण्यासारखा आहे. काही घरी केसतूडही म्हणतात. केस मुळाशी तुटला आणि तिथे गळू आलं असा त्याचा अर्थ, म्हणजे कारण शब्दातच सांगून ठेवलंय. माझं मत आजींच्या बाजूनं.

मेडिकल_चौक
मी स्किनच्या ओपीडीत काम करते म्हणून जरा लांब लिहिते. केसतोड जवळचा आहे पण तोच नाही. केसतोड म्हणून लोक जे दाखवायला येतात ते बहुतेक वेळा एकच मोठं, ठणकणारं गळू असतं, केसाच्या मुळाशी जंतू शिरून पू झालेला. रेझर बम्प्समध्ये सुरुवातीला जंतूंचा संबंध नसतो. रेझरनं केसाला तिरकं धारदार टोक येतं, केस कुरळा असला की तो वाढताना वळतो आणि आपल्याच कातडीत परत घुसतो, कातडीला तो बाहेरचा काटा वाटतो आणि ती सुजते. याचं डॉक्टरी नाव स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी. स्यूडो म्हणजे खोटा, बार्बी म्हणजे दाढीचा, बाहुलीशी काही संबंध नाही 😄 आणि पायावर आलं तरी बरेचदा हेच नाव वापरतात.
शेव्ह केल्या केल्या जी सपाट लाली येते, आग होते, आणि थोड्या वेळानं किंवा एकदोन दिवसांत जाते, ती रेझर बर्न, तिच्यात दाणे लागतातच असं नाही. त्याला आपल्याकडे साधं "चुरचुरतंय" म्हणतो आणि ते अगदी बरोबर आहे.

बर्डीवाली
मग आत घुसलेल्या केसाला काय म्हणू? एका साइटवर "अंतर्वर्धित केस" वाचलं, ते बोलायला गेले तर दुकानदार पळून जाईल.

शुद्धलेखन_हवालदार
रुतलेला केस. काटा रुततो तसा केस रुततो. यापेक्षा सोपं काय पाहिजे?

तर्री_पोहे
वा हवालदार, हे झाक झालं. मले हनुवटीखाली हेच होते, दाढीचे खुंट आत रुततात. आमचा कटिंगवाला मंग वरून तुरटी घासते. पायाले चालते का?

मेडिकल_चौक
तुरटीनं कापल्याचं रक्त थांबतं, पण ती कातडी कोरडी करते आणि पाय आधीच चुरचुरत असतील तर अजून झोंबते. मी नाही सांगणार. लिंबू आणि टूथपेस्ट तर अजिबातच नको.
न होण्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे केसांच्या कलानं रेझर चालवायचा. मराठीत "कलानं घेणे" आहेच, ते इथे शब्दशः लागू पडतं. नडगीवर केस बहुतेक खाली वाढतात म्हणून वरून खाली, पण मांडीवर दिशा बदलते, तिथे हात फिरवून बघायचं. उलटं भादरलं की गुळगुळीत जास्त होतं हे खरं, पण केस कातडीच्या खाली कापला जातो आणि तिथूनच रुततो. कातडी ताणून धरणं, दाबून ओढणं, चारपाच पात्यांचा रेझर एकाच जागी परत परत फिरवणं, सगळ्याचा परिणाम तोच. शेव्ह आंघोळीच्या शेवटी करा, तोवर कोमट पाण्यानं केस मऊ होतात, आणि जेल किंवा क्रीम लावाच. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, नुसत्या साबणावर भागवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. प्रत्येक ओढीनंतर पातं धुवायचं, पाचसात वेळा वापरलं की बदलायचं आणि बाथरूममध्ये ओलं ठेवायचं नाही.

बर्डीवाली
आणि आता आलेत त्याचं काय करू? लग्नघर आहे, साडी आहे म्हणून पाय झाकले जातील पण खाज काही झाकली जात नाही.

मेडिकल_चौक
आधी रेझर बंद, दाणे बसेपर्यंत. थंड पाण्यात भिजवलेला सुती रुमाल दहापंधरा मिनिटं ठेवायचा, मग बिनवासाचं मॉइश्चरायझर. कोरफडीचा गर लावून बऱ्याच जणींना थंड वाटतं, पण आधी थोड्या जागेवर लावून बघा, काहींना त्याचीच खाज सुटते. सुईनं केस उकरून काढायचा मोह होईल, नका करू, काळे डाग राहतात आणि आपल्या रंगाच्या कातडीवर ते महिनोन् महिने जात नाहीत. लेगिंग्ज आणि टाइट जीन्स काही दिवस बाजूला, ढगळ सलवार घाला. दाणे बसल्यावर सॅलिसिलिक ॲसिडचं लोशन रुतलेल्या केसांसाठी कामी येतं, पण ताज्या शेव्हवर नाही, आणि दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच. ती गजकर्णाची ट्यूब मात्र उघडू नका, अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, लावलं की दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर कातडी पातळ होते.
पू वाढतोय, लाली पसरतेय, ताप आला तर थेट दाखवा.

शुद्धलेखन_हवालदार
मग शब्दाचा निकाल काय? मी "वस्तरापुटकुळ्या" सुचवतो.

तर्री_पोहे
हवालदार, हे बोलता बोलता दात पडतीन.

मेडिकल_चौक
दुकानात किंवा दवाखान्यात एक शब्द शोधूच नका, "शेव्ह केल्यावर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या आल्या, केस रुतलेत" एवढं पूर्ण वाक्य सांगा. त्यात कधी आलं आणि कुठे आलं दोन्ही येतं, मग गजकर्णाची ट्यूब कोणी देणार नाही.

बर्डीवाली
चालेल, आणि बोलताना मी "रेझरच्या पुटकुळ्या" म्हणणार, आजीला पण पटलं, फक्त ती म्हणते आमच्या वेळी पाय भादरायची पद्धतच नव्हती तर शब्द कुठून असणार. दर वेळी होत असेल तर वॅक्सिंग करू का?

मेडिकल_चौक
वॅक्सिंगनं पण केस रुततात, कारण नवीन केस कातडीतून बाहेर येताना अडकतो. ट्रिमरनं थोडे खुंट ठेवलेले बरे, तेवढे कोणाला दिसत नाहीत. कायमचा त्रास असेल तर लेझर आहे, महाग आहे, बऱ्याच बैठका लागतात आणि गव्हाळ-सावळ्या कातडीला योग्य मशीन लागतं, म्हणून पार्लरच्या ऑफरला न भुलता स्किनच्या डॉक्टरांकडेच करा.