पायथन: यादीतल्या याद्या सपाट करताना लागणारा वेळ

प्रश्न: पायथन या प्रोग्रामिंग भाषेत माझ्याकडे सुमारे दोन लाख छोट्या याद्यांची एक मोठी यादी असून त्यांतील सर्व घटक क्रम न बदलता एकाच यादीत आणायचे आहेत. बेरीज करणाऱ्या ‘सम’ या फंक्शनला सोबत रिकामी यादी दिल्यास उत्तर बरोबर येते, परंतु वेळ फारच लागतो. याचे कारण काय असावे?

उत्तर १: ‘सम’ प्रत्येक बेरजेला नवी यादी तयार करते आणि तोवर जमलेले सर्व घटक तिच्यात पुन्हा उतरवते; त्यामुळे याद्यांची संख्या दुप्पट झाली की काम जवळपास चौपट होते. त्याऐवजी पायथनसोबतच येणाऱ्या ‘इटरटूल्स’ या मॉड्यूलमधील ‘चेन.फ्रॉम_इटरेबल’ वापरावे. ते मागणीनुसार एकेक घटक पुढे देते, म्हणून तयार यादीच हवी असल्यास ते ‘लिस्ट’ला द्यावे. दोन ‘फॉर’ असलेले लिस्ट कॉम्प्रिहेन्शनही (एकाच ओळीत यादी तयार करणारी रचना) चालेल; त्यात बाहेरचा ‘फॉर’ आधी लिहावा लागतो, हे मला अजूनही उलटेच वाटते.

उत्तर २: हे उपाय एकच पातळी उलगडतात. याद्यांच्या आत याद्या किती पातळ्यांपर्यंत आहेत हे अनिश्चित असल्यास रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे) लागेल, पण स्ट्रिंग (अक्षरांच्या मालिका) वेगळ्या काढाव्यात, कारण एका अक्षराच्या स्ट्रिंगमधूनही पुन्हा तीच स्ट्रिंग मिळते आणि रिकर्शन १००० या ठरीव मर्यादेवर आदळते. डेटा खरोखरच तितका खोल असेल, तर स्वतःचा स्टॅक (शेवटी ठेवलेले आधी काढायचे अशी यादी) ठेवून लूप लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रश्नकर्ता: पातळी एकच आहे. ‘चेन’ने काम लगेच झाले, आभारी आहे.