विसरलेला पासवर्ड बदलताना : आपले अनुभव लिहावेत

स्वतःच्याच संगणकाने आपल्याला दारात अडवावे, ही वेळ मागच्या महिन्यात माझ्या वडिलांवर आली. ते रोज चार अंकी पिन टाकून विंडोज उघडत असत, त्यामुळे मूळ पासवर्ड कधीच विस्मरणात गेला होता, आणि एके सकाळी नेमका तोच मागितला गेला. त्यांचे मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन खाते असल्यामुळे मी दुसऱ्या संगणकावरून, त्यांच्या मोबाइलवर आलेला कोड घालून, पासवर्ड बदलला आणि लॅपटॉप इंटरनेटला जोडताच तो नव्या पासवर्डने उघडला. खाते लोकल, म्हणजे फक्त त्याच संगणकापुरते असते, तर हा मार्ग उपलब्धच नव्हता. म्हणून विनंती अशी, की खाते कोणत्या प्रकारचे होते आणि आत गेल्यावर काय मिळाले, काय मिळाले नाही, हे दोन्ही लिहावे.

प्रतिसाद १
आमचे खाते लोकल होते. पत्नी पासवर्ड विसरली, तेव्हा त्याच संगणकावरील माझ्या ॲडमिन (सर्व अधिकार असलेल्या) खात्यातून मी तो बदलून दिला. एन्क्रिप्ट केलेल्या (कुलूपबंद) फाइली आणि साठवलेले पासवर्ड गमवावे लागतील, अशी सूचना पडद्यावर आली होती. घाईत मी ती वाचली नाही. खाते उघडले, पण छोट्या कुलपाचे चिन्ह असलेली तिच्या हिशेबाची एकही फाइल उघडेना, कारण त्या फाइलींची किल्ली जुन्या पासवर्डात अडकलेली होती. जुना पासवर्ड कुठून तरी वाचून काढता येईल, ही आशाही व्यर्थ होती. संगणक मूळ पासवर्ड जपून ठेवत नाही, त्यापासून तयार केलेला हॅश, म्हणजे ज्यावरून पासवर्ड उलट काढता येत नाही असा सांकेतिक मजकूर, तेवढा ठेवतो. आठ दिवसांनी तिला तो आपोआप आठवला. आम्ही तोच पुन्हा लावला आणि फाइली उघडल्या. ते आठ दिवस तिने कसे काढले, हे मी पाहिले आहे.

प्रतिसाद २
उबुंटू या लिनक्स प्रणालीवरचा अनुभव सांगतो. संगणक सुरू होताना ग्रबचा (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणून रिकव्हरी मोडमधून (दुरुस्तीच्या अवस्थेतून) रूट शेल, म्हणजे सर्व अधिकारांसह आज्ञा देण्याची खिडकी, उघडले आणि लगेच 'पासडब्ल्यूडी' ही पासवर्ड बदलण्याची आज्ञा दिली. नवा पासवर्ड दोनदा टाकूनही बदल झाला नाही. टोकनविषयीची एक त्रुटी तेवढी दिसली. तासाभराने उलगडा झाला, की त्या अवस्थेत डिस्क केवळ वाचनासाठी जोडलेली असते. ती लिहिण्यासाठी पुन्हा माउंट केल्यावर (जोडल्यावर) तीच आज्ञा एका फटक्यात चालली. पण लॉगिन झाल्यावर कीरिंगने, म्हणजे साठवलेले पासवर्ड ठेवणाऱ्या कुलूपबंद पेटीने, जुनाच पासवर्ड मागितला. ती कीरिंग काढून नवी करावी लागली आणि तिच्यातील वायफायचे व इतर पासवर्ड गेले. वर लिहिलेल्या कुलूपबंद फाइलींसारखेच हे आहे.

प्रतिसाद ३
मी पासवर्ड विसरलोच नव्हतो. लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड मराठीवर गेला होता आणि टिंबांखाली देवनागरी अक्षरे उमटत होती. पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेचे चिन्ह आणि कॅप्स लॉक आधी पाहावे, ही सर्वांना कळकळीची विनंती.

प्रतिसाद ४
लोकल खाते असलेल्यांनी आत्ताच, पासवर्ड लक्षात असताना, विंडोजच्या सोयीने पेनड्राइव्हवर पासवर्ड रिसेट डिस्क करून ठेवावी. तिच्यात एक छोटी फाइल तयार होते. पुढे पासवर्ड कितीदाही बदलला तरी तीच डिस्क चालते, दरवेळी नवी करावी लागत नाही. चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली रिसेटचा पर्याय येतो, तिथे पेनड्राइव्ह लावायचा. मला दोन वर्षांनी तिची गरज पडली आणि पाच मिनिटांत काम झाले. मात्र ती ज्याच्या हाती पडेल त्याला आपले खाते उघडता येते, म्हणून मी तो पेनड्राइव्ह संगणकाच्या पिशवीत न ठेवता महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर कपाटात कुलपात ठेवतो.