लायनर नवीन टाकले, तरी ऑइलमध्ये पाणी : मदत हवी आहे

नांगरफाळ
मंडळी, जरा लवकर सांगा. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन खोललं होतं. लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या), पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवीन टाकलं. काल रात्री पाणी भरलं. सकाळी खालच्या ऑइल चेंबरचा नट ढिला केला तर आधी पाणीच आलं, वाटीभर तरी असेल, मग ऑइल. हेड गॅसकेट नवीन आहे, नट टॉर्क रेंचनेच आवळलेत. तीन आठवडे रोज रात्री हेच करतोय, आता परत उघडायची ताकद नाही. रेडिएटरमध्ये ओतायचं ते गळती बंद करणारं औषध चालेल का? कोणतं टाकू?

दहा_बाराचा_पाना
ट्रॅक्टर कोणता? इंजिन कोणतं? लायनर वेट की ड्राय? ड्राय असतील तर त्यांचा पाण्याशी संबंधच येत नाही आणि शोध दुसरीकडेच घ्यावा लागेल. वेट असतील तर बाहेरून थेट पाणी लागतं आणि खालचं सील हाच पहिला संशयित. एवढं कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

जुनं_खोड
लायनर बसवताना हातोडा लावला असणार. मी माझ्या तीन सिलिंडरच्या पर्किन्सला लायनर रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवले, ब्लॉक गरम केला, अलगद खाली गेले. ठोकलं की लायनर वेडावाकडा होतो. सगळ्यांनी हेच करावं.

कृष्णामाई
ऑइलमध्ये पाणी म्हणजे हेडला तडा. आमच्याकडे दोनदा तेच निघालं. हेड प्रेशर टेस्टला द्या, प्लेन करून घ्या.

नांगरफाळ
फर्ग्युसन टीई-२०, पेट्रोलचा. लायनर हातानेच खाली गेले, ठोकायचा प्रश्नच आला नाही. हेड तपासून, प्लेन करूनच आणलंय. औषधाचं कोणीच सांगितलं नाही.

दहा_बाराचा_पाना
हाताने गेले म्हणजे वेट. जुनं_खोड, तुमची पद्धत ड्रायसाठी बरोबर आहे, इथे तिचा उपयोग नाही.
आता पुढचं. सुरुवातीच्या टीई-२० ना कॉन्टिनेंटलचं इंजिन होतं, नंतर स्टँडर्डचं आलं. तुमचं कोणतं? स्टँडर्ड असेल तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८० मिमी की ८५? आणि बांधल्यानंतर किती तास चाललंय?

नांगरफाळ
स्टँडर्ड, ८५. चालवलंच नाही अजून, इंजिन स्टँडवरच आहे. मला वाटलं ते लिहिलं होतं.

रानवाट
हेच इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीत होतं आणि बोअर थोडा वेगळा करून ट्रायम्फ टीआर२ मध्येही. त्या गाड्या बांधणाऱ्यांना ही गळती चांगली ओळखीची आहे. टीई-२० कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त निघाले. माझ्या आजोबांच्या फर्ग्युसनचं बॉनेट अजून जपून ठेवलंय. फोटो टाका ना तुमच्याचा.

दहा_बाराचा_पाना
चालवलंच नाही, यातच निम्मं उत्तर आहे. पाण्याला प्रेशर नाही, उष्णता नाही, नुसतं उभं राहून पाणी एका रात्रीत वाटीभर खाली उतरलं. म्हणजे वाट चांगली मोठी आहे.
या इंजिनात दोन लायनरना मिळून खाली एकच गॅसकेट असते, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. ती आतल्या कठड्यावर बसते, तिच्यावर लायनर, आणि वरून हेड दाबतं. म्हणून लायनर ब्लॉकच्या वर तीन ते पाच थाऊ (इंचाचा हजारावा भाग) राहायला हवा. तुम्ही मोजलं होतं का? आणि पिस्टन टाकताना क्रँक फिरवला, तेव्हा लायनर वरून दाबून धरले होते का?

नांगरफाळ
मोजलं होतं, पिस्टन टाकायच्या आधी. चारही तीन-चार थाऊ वर होते. दाबून धरायचं कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्याचे बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) बसवायला क्रँक बराच फिरवला.

दहा_बाराचा_पाना
तिथेच झालं. नवीन रिंगा लायनरला घट्ट धरतात, पिस्टन वर येताना लायनरलाही घेऊन येतो. केसभर उचलला तरी गॅसकेट सरकते किंवा खाली कचरा शिरतो, मग हेड कितीही आवळा. हेड उतरवा, ब्लॉकवर सरळ पट्टी धरून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) परत मोजा. औषध अजिबात नको. निसटलेली गॅसकेट त्याने जागेवर येणार नाही, रेडिएटर मात्र चोंदेल.

लोखंडी_हात
गॅसकेटला दोन्हीकडून सिलिकॉन लावा आणि विसरा. मी कायम लावतो, एकही गळलं नाही.

दहा_बाराचा_पाना
सिलिकॉनचा थर जाड बसला की लायनरची उंची बदलते. दाबून बाहेर आलेला तुकडा तुटून चेंबरमध्ये पडतो आणि ऑइलच्या जाळीत अडकतो. लावायचंच तर न सुकणारं जॉइंटिंग कंपाउंड, बोटाने पुसल्यासारखं पातळ.

लोखंडी_हात
जाड लावा असं कुठे म्हटलं मी? जेवढं लागतं तेवढंच लावतो.

कृष्णामाई
हेड उतरवणारच आहात तर तडा पुन्हा बघून घ्या.

नांगरफाळ
उतरवलं. एक आणि चार नंबर चार थाऊ, तीन नंबर सहा, दोन नंबर नऊ! बिग एंडच्या टोप्या खालून सोडल्या आणि दोन नंबर पिस्टनसकट वर काढला. कठड्यावर गंजाची नखाएवढी खपली होती, गॅसकेटवर तिचा ठसा स्पष्ट उमटलाय. मी ब्लॉक तारेच्या ब्रशने घासला होता, पण पाण्याच्या पोकळीतल्या कोपऱ्यात राहिलीच. पाणी हलल्यावर सुटली असेल किंवा लायनर उचलला तेव्हा. आता चारही काढतो.

दहा_बाराचा_पाना
पोकळी आतून खरवडा, पाण्याने धुवा, हवा मारा. कठड्यावर खरवडणी चालवू नका, ओरखडा पडला की तिथूनच झिरपेल. गॅसकेटा दोन्ही नव्या. बसवून चारही मोजा, शेजारच्या दोघांत फरक नको. मग हेडच्या स्टडवर जाड वॉशर घाला, तिची कड लायनरच्या कॉलरवर टेकेल पण बोअरमध्ये येणार नाही अशी. वर पाइपचा तुकडा आणि नट. हे निघाल्याशिवाय क्रँक फिरवायचा नाही. चेंबर लावायच्या आधी पाणी भरून खालून बॅटरीच्या उजेडात बघा. बेअरिंगला पाणी लागलंय, तीही पुसून परत ऑइल लावा.

नांगरफाळ
परवा बसवले. तीन, चार, चार, तीन थाऊ. वॉशर आणि पाइप लावूनच क्रँक फिरवला, परत मोजलं, आकडे तेच. हेड आवळून पाणी भरलं आणि स्टँडखाली वर्तमानपत्र अंथरलं. दोन रात्री झाल्या, कागद कोरडा आहे. पाना, मनापासून आभार. उद्या चेंबर लावतो. रानवाट, बॉनेट रंगवायला गेलंय, आलं की फोटो टाकतो.

जुनं_खोड
पहिल्यांदा गरम करून थंड झालं की हेडचे नट परत एकदा आवळा, विसरू नका.